‘एन-११’ची भटकंती आणि वाईचे गोठे

बंदिस्त पैदास केंद्रात वाढलेला पक्षी मोकळा सोडल्यावर किती दूर जाऊ शकतो, याची कल्पना महाराष्ट्राला २०२४ च्या अखेरीस आली. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून सोडलेले ‘एन-११’ या खुणेचे पांढऱ्या पाठीचे गिधाड छत्तीसगड, गुजरात आणि कर्नाटक पालथे घालत तमिळनाडूत पोहोचले, तेव्हा त्याचा प्रवास सुमारे ४,००० किलोमीटरचा झाला होता. तेथे ते अशक्त अवस्थेत आढळल्यावर वनकर्मचाऱ्यांनी त्याला खाऊ घालून पुन्हा सोडले.

या भटकंतीमागे हरियाणातील पिंजोरच्या केंद्राचे दोन दशकांहून अधिक काळाचे काम आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचा वनविभाग यांनी २००१ मध्ये तेथे गिधाडांसाठी शुश्रूषा केंद्र उभारले आणि पुढे त्याचेच पैदास केंद्र झाले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात, त्यामुळे अशा केंद्राचे यश संथपणेच मोजावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबाला आणि लांब चोचीची दहा गिधाडे पेंचला आणली गेली. परिसराची सवय व्हावी म्हणून त्यांना काही महिने मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवून त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मोकळे करण्यात आले. त्यांतली सगळीच तगली नाहीत.

सोडण्यापूर्वी पक्ष्याच्या पाठीवर पट्ट्यांनी बसवलेले छोटे यंत्र उपग्रहांच्या आधारे त्याचे स्थान ठरवून ते अभ्यासकांना कळवत राहते. त्याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या काही टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा दंडक पाळला जातो. पक्षी एकाच जागी फार वेळ स्थिर दिसला, तर तो आजारी आहे की मेला आहे, हे पाहायला माणसे तेथे धाव घेतात; यंत्राचा खरा उपयोग नकाशा रंगवण्यापेक्षा या तपासासाठी आहे.

पुनर्वसित पक्ष्यांच्या लांब प्रवासाचा जगातला गाजलेला प्रयोग उत्तर अमेरिकेतील व्हूपिंग क्रेन या पांढऱ्या करकोच्यांचा होय. १९४१ मध्ये वीस-बावीसवर आलेल्या या पक्ष्यांचा नवा स्थलांतरी थवा उभा करण्यासाठी २००१ पासून त्यांची पिल्ले एका हलक्या विमानामागे विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेली जात, कारण करकोच्याचे पिल्लू हिवाळ्याची वाट वडीलधाऱ्यांबरोबर उडूनच शिकते. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून सांभाळणारे पांढरे झगे घालून वावरत. पक्षी वाट शिकले, पण घरट्यांतून पुरेशी पिल्ले निघेनात, आणि २०१६ मध्ये विमानाची पद्धत थांबवण्यात आली. गिधाडाला ठरलेली वाट नसते. ते तापलेल्या हवेच्या झोतांवर चढून मृत जनावर दिसेल तिकडे वळते, म्हणून त्याच्यासाठी सुरक्षित करायचा असतो तो सगळा मुलूखच.

हा मुलूख असुरक्षित झाला तो जनावरांच्या वेदनाशामक औषधाने. डायक्लोफेनॅक टोचल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. तोवर नव्वदच्या दशकापासून भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. शंभर मृत जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावर विषारी असले, तरी अशी घट होऊ शकते, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठीचा वापर २००६ मध्ये आणि केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅकचा २०२३ मध्ये बंद झाला; तरीही माणसांसाठीचे औषध गोठ्यापर्यंत पोहोचण्याची भीती संपलेली नाही.

गिधाडांच्या वस्तीभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र औषधमुक्त असावे, हा संवर्धकांचा निकष नकाशावर मांडला, तर प्रश्न ताडोबाचा उरत नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची माहितीतली वस्ती आहे आणि वाई तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच येते. मध्ये सह्याद्रीची भिंत असली, तरी गिधाडाला ती भिंत वाटत नाही. कड्यावर आपटून वर चढणारा वारा त्याला उलट उपयोगाचाच. वाईजवळच्या पांडवगड-कमळगडाच्या परिसरातला किंवा कृष्णाकाठच्या गावांतला दुभत्या जनावरांचा गोठा म्हणूनच या संवर्धनात भागीदार ठरतो, मग गोठ्याच्या मालकाला त्याची जाणीव असो वा नसो.

जनावर आजारी पडल्यावर वाईच्या पशुपालकाने डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनामिक अॅसिड या गिधाडांना सुरक्षित ठरलेल्या औषधांची मागणी करावी, आणि उपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.