टेडीचे हातपाय हलते कसे करावेत? (कार्यानुभव)



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अजूनही कितीतरी घरांत जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. उरलेल्या चिंध्यांतून मुलं वीतभर टेडी सहज बनवतात. पण हातपाय धडाला सगळ्या बाजूंनी शिवले, की टेडी नुसता शोभेचा राहतो. मूल हात वर करायला ओढतं आणि शिवण उसवते. मग मुलाला वाटतं, 'मला जमलंच नाही.' खरं तर चूक मुलाची नसते, जोडाची असते.

'टेडी' हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून आलं. १९०२ मध्ये त्यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला होता. त्याच वर्षी जर्मनीत रिचर्ड श्टाइफ यांनी दोऱ्याने जोडलेल्या हलत्या हातापायांचं अस्वल तयार केलं. आपल्याकडेही सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात. तिथेही सगळी गंमत जोडांचीच!

हात फिरतो कसा?
कात्रीची दोन पाती एकाच खिळ्याभोवती फिरतात ना, तसंच हे. हात एकाच बिंदूवर धरला तर तो त्या बिंदूभोवती फिरतो. दोरा घट्ट असला की कापडाला कापड घासतं, म्हणून वर केलेला हात वरच राहतो. हेच घर्षण!

साहित्य : कापूस भरून शिवलेलं धड व हातपाय, गोधडीचा जाड दोरा, लांब सुई, दोन भोकांची चार बटणं. दाभण नको, भोक मोठं पडतं.

कृती :
१. मानेखाली दोन्ही बाजूंना समान उंचीवर खडूने खूण करा. खुणा वरखाली झाल्या तर टेडी वाकडा दिसतो.
२. डाव्या खुणेतून सुई घाला. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा.
३. सुई धडातून उजव्या खुणेवर काढा. उजवा हात व बटण ओवा. बटणाच्या दुसऱ्या भोकातून त्याच वाटेने डावीकडे परत या.
४. आता डावा हात व बटण ओवा आणि परत हात व धड यांच्या मध्ये या.
५. हाच फेरा आणखी एकदा घ्या. एक दोरा तुटला तर दोन्ही हात निघतात!
६. धडाला किंचित खळगा पडेपर्यंत दोरा ओढा आणि लोंबत्या टोकाशी तीन गाठी मारा. कापूस पुढे दबतो, म्हणून आत्ताच घट्ट हवं. गाठ हाताखाली लपते.
पायही असेच जोडा, म्हणजे टेडी बसतो.

हे विसरू नका : घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बटण अजिबात नको. सुटलेलं बटण घशात अडकून जीवावर बेतू शकतं. बटणाऐवजी हात व धडाच्या कापडातूनच तीन-चार टाके एकाच जागी घ्या आणि डोळेही दोऱ्याने भरा. लांब सुई मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरू द्या.

शेवटी प्रत्येक हात मुलालाच जोरात ओढून बघू द्या. निघाला तर रागवू नका. 'दोरा कुठे सैल राहिला?' एवढंच विचारा. उत्तर मूलच शोधेल, आणि दुसरा टेडी नक्की बसेल.