तरफचालित रायफल आणि तिचे पुनरुज्जीवन

चापाखालची तरफ खाली ढकलून पुन्हा वर ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, घोडा चढतो आणि पुढचे काडतूस नळीच्या कक्षात बसते. अशा यंत्रणेच्या बंदुकीस तरफचालित, म्हणजेच लीव्हर ॲक्शन, रायफल म्हणतात. अमेरिकेतील अनेक घरांत अशा जुन्या रायफली माळ्यावर गंजत पडलेल्या आढळतात. त्यांचे पुनरुज्जीवन करणे हा तेथील हौशी कारागिरांचा आवडता छंद आहे.

या प्रकारातील सुरुवातीच्या यशस्वी रायफलींपैकी एक बेंजामिन टायलर हेन्री यांची होय. तिचे पेटंट १८६० चे. हेन्री ज्यांच्या कारखान्यात काम करत, ते ऑलिव्हर विंचेस्टर मूळचे शर्टांचे उत्पादक होते. त्यांच्या कंपनीने १८६६ आणि १८७३ मध्ये सुधारित रायफली बाजारात आणल्या. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी रचलेली १८९४ ची विंचेस्टर पुढे धूरविरहित दारूच्या काडतुसांसाठी प्रसिद्ध झाली. हरणांच्या शिकारीसाठी ती विशेष लोकप्रिय ठरली आणि तिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती निघाल्या.

काडतुसांच्या साठवणीवरून या रायफलींचे तीन मुख्य वर्ग पडतात. १८९४ च्या विंचेस्टरमध्ये नळीखाली लांब नळकांडे असते, १८९५ च्या विंचेस्टरमध्ये पेटी, तर १८९९ च्या सॅव्हेजमध्ये फिरकी. नळकांड्यात एका गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते; म्हणून तेथे परंपरेने चपट्या टोकाची गोळी वापरतात. शिवाय, विंचेस्टरच्या बहुतेक जुन्या रायफली रिकामे काडतूस वरून फेकतात, तर मार्लिनच्या १८८९ नंतरच्या रायफली बाजूने.

पुनरुज्जीवनाच्या तीन पातळ्या मानता येतात: केवळ स्वच्छता व जतन, मोडलेल्या भागांची दुरुस्ती आणि संपूर्ण नवा मुलामा. कोणती पातळी निवडावी हे बहुतांशी निर्मितीच्या वर्षावरून ठरते. दुर्मीळ जुन्या रायफलीचा मूळ मुलामा झिजलेला असला तरी संग्राहक त्यालाच अधिक मोल देतात. याउलट, खर्च कमी करण्यासाठी विंचेस्टरने १८९४ च्या रायफलीची घडण १९६४ मध्ये बदलली. त्यानंतरच्या बऱ्याच रायफलींच्या चौकटीचे, म्हणजे रिसीव्हरचे, पोलाद नेहमीचे नीलन, म्हणजे ब्लूइंग, नीट धरत नाही.

कामाची सुरुवात रायफल रिकामी असल्याची खात्री करून होते. कक्षाबरोबर नळकांडेही तपासावे लागते, कारण त्यात एखादे विसरलेले काडतूस अडकलेले असू शकते. अडकलेल्या स्क्रूंना झिरपणारे तेल लावून वेळ द्यावा आणि खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस वापरावा, अन्यथा खाचेच्या कडा तुटतात.

गंजासाठी रसायनशास्त्राची मोठी मदत होते. तेल पूर्ण काढलेला भाग शुद्ध पाण्यात उकळला की पृष्ठभागावरचा तांबडा गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. सुटी काजळी तेलमुक्त पोलादी लोकरीने घासून काढतात आणि शेवटी तेलाचा हात देतात. पारंपरिक मंद नीलनाचेही तत्त्व हेच आहे. गंजाने पडलेले खड्डे मात्र यातून भरून येत नाहीत. ते घालवण्यासाठी धातू जास्त घासल्यास कोरीव अक्षरे आणि चौकटीच्या सरळ धारा कायमच्या बोथट होतात.

दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. चेमटलेली जागा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवल्याने बरीचशी वर येते. धातूला भिडणारी कड घासू नये, कारण तेथे लाकूड धातूपेक्षा खाली जाते. शेवटी अळशीच्या तेलाचे पातळ हात देतात. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात, म्हणून ती पसरून वाळवावीत.

नळी साफ दिसली तरी कक्ष मागून बंद करणारा बोल्ट व काडतूस यांमधील अंतर प्रशिक्षित बंदूक-कारागिराने मापल्याशिवाय गोळी झाडू नये. अमेरिकी कायद्यानुसार अनुक्रमांक पुसणे किंवा बदलणे गुन्हा आहे. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. या मर्यादा सांभाळून केलेल्या कामात काय बदलायचे यापेक्षा काय जसेच्या तसे ठेवायचे, याचा निर्णय अधिक जोखमीचा असतो.