छापाचं काँक्रीट आणि कोकणातला पाऊस

कोकणात हल्ली अंगणात दगडी फरशीसारखा छाप उठवलेलं काँक्रीट घालतात. दिसतं झकास, पण पावसात शेवाळ धरलं की पहाटे उठलेली दादी तिथेच घसरते. म्हणून काम पाऊस संपल्यावर, डिसेंबरच्या सुमारास काढावं. जाडी ४ इंच, उतार घरापासून बाहेर, दर फुटाला पाव इंच. छाप काँक्रीट ओलं असतानाच उठवावा लागतो, तेव्हा गवंडी सरावाचा हवा. सीलर २८ दिवसांनी, अगदी कोरड्या काँक्रीटवर. ओल अडकली तर तो पांढरा पडतो. चकाकीपेक्षा पायाला पकड महत्त्वाची. सीलरमध्ये घसरण रोखणारी भुकटी मिसळायला आपणच सांगावं, ठेकेदार बहुधा विसरतो! शेवाळ ब्रशने घासावं; ॲसिड नको, रंग उडतो. दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यात, सीलर पुन्हा मारावा.