संगीताची ओढ असलेले विद्यार्थी आणि वर्गातील तंत्रज्ञान

देवनहळ्ळी हा बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील तालुका. मे २००८ मध्ये येथे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तथापि, अशा तालुक्यातील लहान सरकारी शाळेत गोड गळ्याच्या मुलाला गाणे कोण शिकवणार, हा प्रश्न विमानतळाने सुटत नाही. त्याचे मूळ कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पटसंख्या १०० हून अधिक असेल तरच. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ ने मात्र दहावीपर्यंत कलाविषयाचा आग्रह धरला होता. हेतू आणि तरतूद यांतील ही दरी परीक्षार्थींनी लक्षात घ्यावी.

अर्थशास्त्रीयदृष्ट्या शिक्षकाचा खर्च प्रत्येक शाळेमागे वाढतो. प्रसारित पाठाचा स्थिर खर्च मोठा असतो, परंतु आणखी एका श्रोत्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य. कर्नाटकाने हा मार्ग चोखाळला आहे. तेथे आकाशवाणीवरून ‘केळि-कलि’ (ऐका आणि शिका) हे शालेय पाठ प्रसारित झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झालेल्या एज्युसॅटचा प्रारंभीचा शालेय प्रयोगही चामराजनगर जिल्ह्यात झाला. अडचण एवढीच की रेडिओ गातो, पण ऐकत नाही. मुलाचा सूर उतरला हे त्याला कळणार कसे?

येथे स्वस्त साधने उपयोगी पडतात. अभियंता व बासरीवादक राज नारायण यांच्या बंगळुरूच्या रॅडेल कंपनीने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. आज तेच काम मोबाइलवरील ॲप करते. मुलांची पट्टी मोठ्यांहून उंच असते, म्हणून षड्ज मुलाच्या गळ्याप्रमाणे लावता येणे महत्त्वाचे. ‘ऑडॅसिटी’ या मोफत संगणकप्रणालीत लय न बदलता ध्वनिमुद्रणाची पट्टी बदलता येते. मूल स्वतःचे गाणे मुद्रित करून मूळ गाण्याशी ताडून पाहू शकते.

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सांगीतिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली. तिचा आधार घेऊन ‘संगीतप्रिय मुलांना गणितही गाण्यातूनच शिकवा’ असे सांगितले जाते. अशा विभागणीने अध्ययन सुधारते, याला भक्कम पुरावा नाही. १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या ‘नलि-कलि’ने गाणी सर्वच मुलांसाठी योजली, हे अधिक शहाणपणाचे. विशेष ओढ असलेल्यांना हवा असतो तो जादा सराव, आणि चूक दाखवणारा कान. हा कान यंत्र अंशतःच पुरवते. म्हणून समूह साधन केंद्राच्या पातळीवर आठ-दहा शाळांत मिळून एक फिरता संगीतशिक्षक नेमावा आणि त्याच्या दोन फेऱ्यांमधील सराव मुलांनी या साधनांवर करावा, ही विभागणी खर्चाच्या हिशेबातही बसते.