हिरड्यांचे वेळापत्रक आणि आपली सुट्टी

बहरीनमधल्या मराठी घरांत दातांविषयीचे एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता सुट्टीत गेल्यावर दाखवू." इथला खर्च दिनारात, अनेकांच्या कंपनीच्या विम्यात दात एकतर नसतातच किंवा नावापुरते असतात. शिवाय ठाण्याला, सांगलीला किंवा नाशिकला आपले नेहमीचे डॉक्टर आहेत, ते मराठीत बोलतात आणि चार बैठकांत सगळे उरकून देतात. म्हणून रक्त येणारी हिरडी आठ-दहा महिने वार्षिक रजेची वाट पाहत राहते. हिशेब वरवर चोख दिसतो. फक्त त्यात हिरडीचे स्वतःचे वेळापत्रक धरलेले नसते.

मी दंतवैद्य नाही. संगणकाच्या धंद्यातला माणूस आहे. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करताना मात्र एक खोड जडली. कुणी निष्कर्ष सांगितला की तो मोजला कसा, हे आधी विचारायचे. पुतणी दंतवैद्यकाला गेली तेव्हा असले प्रश्न विचारून मी तिला भंडावून सोडले. उत्तरे शोधता शोधता एक मजेची गोष्ट ध्यानात आली. तोंडाच्या आरोग्याविषयीचे आपले बरेचसे पक्के ज्ञान दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्याच तोंडातून आले आहे!

यातला सर्वांत गाजलेला प्रयोग डेन्मार्कमधल्या आरहूसच्या दंतमहाविद्यालयातला. हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. हिरड्या का सुजतात याची तोपर्यंत वय, जीवनसत्त्वांची उणीव, प्रकृतिदोष अशी नाना कारणे दिली जात. लोए यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली : पहिल्या वर्षाचे नऊ विद्यार्थी, एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतले दोन तंत्रज्ञ. त्यांना सांगितले, दात घासणे बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जंतूही क्रमाक्रमाने बदलत गेले. आधी साधे गोल जंतू, मग तंतूसारखे, शेवटी वळणदार आणि चपळ. नंतर घासणे पुन्हा सुरू केले आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

आमच्या भाषेत सांगायचे तर बिघाड मुद्दाम आणला, दुरुस्त केला आणि कारण सिद्ध झाले. सॉफ्टवेअरमधला दोष शोधताना याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. बारा हा आकडा लहान वाटेल, पण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती आणि बाराच्या बारा एकाच वाटेने गेले.

लांग, कमिंग आणि लोए यांनी १९७३ साली पुढचा प्रश्न घेतला : किती वेळाने घासले तर चालते? पुन्हा दंतवैद्यकाचे विद्यार्थी. काहींनी दर १२ तासांनी दात स्वच्छ करायचे, काहींनी ४८, काहींनी ७२ आणि काहींनी ९६ तासांनी. पहिल्या दोन गटांच्या हिरड्या शाबूत राहिल्या, उरलेल्या दोन गटांच्या बिघडल्या. यावरून कुणी "दोन दिवसांतून एकदा पुरे" असे घरी जाहीर करू नये. त्या विद्यार्थ्यांची सफाई कसून केलेली होती, दातांच्या फटींसकट. आपले सकाळचे घासणे बहुधा बातम्या ऐकता ऐकता, आणि त्यातही पुढच्या दातांपुरतेच. राखुंडी गेली, कडुनिंबाची काडी गेली, मनामाच्या बाजारात मिसवाकच्या, म्हणजे आपल्या पीलूच्या, काड्या अजून मिळतात. साधन कोणतेही घ्या, हिरडीच्या कडेचा तो थर रोज निघतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. कडक ब्रशने जोर लावल्याने तो अधिक निघतो, हा आपल्याकडचा जुना गैरसमज.

आता परीक्षेकडे वळतो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले तिच्यातच अडकलेली असतात. कुणी इथेच २००४ साली सुरू झालेल्या आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या वैद्यकीय विद्यापीठात, कुणी मणिपालला, कुणी पुण्याला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मारुचा, कीकॉल्ट-ग्लेझर आणि फॅवागेही या संशोधकांनी अकरा दंत-विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दुसऱ्यांदा, टाळूच्या दुसऱ्या बाजूला, सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. रोज छायाचित्रे काढून जखम भरताना पाहिली. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे सुमारे ४० टक्के वेळ, जास्त लागला. अकरांपैकी एकाचीही जखम परीक्षेच्या दिवसांत सुट्टीतल्याइतक्या वेगाने भरली नाही. जखम भरून येण्यासाठी शरीर जे रासायनिक निरोप पाठवते, त्यांतल्या एकाचे प्रमाण दोनतृतीयांशाने घटलेले आढळले. हा अभ्यास १९९८ सालचा. ताण हा केवळ मनाचा खेळ नाही, हे मिलिमीटरमध्ये मोजलेले पाहिले की पटते.

जर्मनीत रेनाटे डाइन्झर यांच्या गटाला त्याच सुमारास वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये दिसले की परीक्षा देणाऱ्यांच्या हिरड्या, न देणाऱ्यांपेक्षा, अधिक सुजतात. पुढे २००१ साली त्यांनी हेही दाखवले की परीक्षेच्या काळात सफाईकडेच दुर्लक्ष होते. दुहेरी मार म्हणायचा. पुतणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, यासाठी जर्मनीला कशाला जायचे? आमच्या होस्टेलवर या. रात्री दोनला बिस्किटे आणि कॉफी, आणि ब्रश न करताच उशीवर डोके. आणि आम्ही दातांचे डॉक्टर होणार!"

तिचा विनोद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हिरोशिमा विद्यापीठाच्या माकोतो कावामुरा यांनी १९८८ च्या सुमारास दातांच्या सवयींवर वीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. उत्तर फक्त "होय" किंवा "नाही". ती अनेक देशांतल्या दंत-विद्यार्थ्यांनी भरली आहे. वरच्या वर्गातले विद्यार्थी सहसा नवख्यांपेक्षा चांगले गुण मिळवतात. म्हणजे शिकल्याने फरक पडतो, पण पहिल्या वर्षाला आलेले हुशार मूल तुमच्याआमच्यासारखेच असते. एक त्रुटी मात्र मला खटकते : कागदावरचे "होय" म्हणजे तोंडातली हिरडी नव्हे. त्या वीस विधानांत दात दुखेपर्यंत डॉक्टरकडे जाणे टाळतो, अशा अर्थाचेही एक आहे. आपल्या मंडळात ही प्रश्नावली वाटली तर तिथे "होय"चा पाऊस पडेल. आणि हिरड्यांचा विकार बहुतेक काळ दुखत नाही, हीच त्यातली गोम.

विद्यार्थ्यांवरून आपल्यावर उडी मारताना सावधही राहायला हवे. ते विशीतले, धडधाकट. आपण चाळिशी-पन्नाशीतले, आखाती देशांत मधुमेह मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तो हिरड्या बिघडवतो, तर बिघडलेल्या हिरड्या साखर आवरणे अवघड करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. दुसरीकडे, सुजलेली प्रत्येक हिरडी दात घेऊनच जाते असेही नाही. लोए आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे श्रीलंकेतल्या ४८० चहामळा-कामगारांचे दात तपासले. त्यांना ब्रश ठाऊक नव्हता, दंतवैद्यही नव्हता, सूज सगळ्यांनाच. तरी ११ टक्क्यांचा विकार सुजेपुढे गेलाच नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले. आपण कोणत्या गटात आहोत हे आरशात दिसत नाही, मोजावे लागते.

ते मोजणे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत डॉक्टर खुणा केलेली बारीक सळई घालून खोली पाहतात. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार किंवा त्याहून अधिक आणि सोबत रक्त असेल तर लक्ष द्यायला हवे. घासताना रक्त येत असेल तर दोन आठवडे नीट, फटींसकट, सफाई करून पाहावी. तरीही थांबले नाही तर हे मोजमाप इथेच, मनामात किंवा रिफात, करून घ्यावे आणि आकडे लिहून मागावेत. मोठे, खर्चाचे काम मग खुशाल गावी करा. तिथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी ते आकडे उपयोगी पडतील. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दोन्हीकडे दाखवावा. आणि मुलामुलीची अक्कलदाढ काढायची ठरली असेल, घाई नसेल, तर तारीख परीक्षा संपल्यानंतरची घ्यावी, आधीच्या आठवड्यातली नको.