फुकटची जाहिरात आणि जावेची चकली

छोट्या धंद्याला जाहिरात परवडत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. फार तर गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत पाव पान, नाहीतर सकाळच्या वर्तमानपत्रात घालून वाटलेली हँडबिले. आता मात्र मोबाइल हातात असला की जाहिरात फुकट, असे जो तो सांगतो. डोंबिवलीला माझी धाकटी जाऊ घरी भाजणी, चकली आणि दिवाळीचा फराळ करून विकते. तिचा कारभार जवळून पाहिल्यापासून या ‘फुकट’ शब्दाकडे मी जरा निरखून पाहू लागले आहे.

व्हॉट्सॲपने जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे ॲप काढले. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावता येते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसे बसतात. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तो निरोप पोहोचतो. बऱ्याच जणांना ही अडचण वाटते. मला तोच त्यातला खरा गुण वाटतो. नंबर जपून ठेवणारा म्हणजे अर्धे गिऱ्हाईकच की! जाऊ फोटो खिडकीशी, सकाळच्या उजेडात काढते आणि भाव ठळक लिहिते. भाव विचारायला लावणाऱ्या जाहिराती मला तरी अर्धे शटर ओढलेल्या दुकानासारख्या वाटतात.

फेसबुकवर पान फुकट उघडता येते, पण आपला मजकूर आपल्याच सगळ्या अनुयायांना दिसेल याची हमी नाही. पैसे भरा, जास्त जणांना दाखवू, असा तिथला रोकडा व्यवहार. शेवटी जागा त्यांची. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेले प्रेक्षक एका फटक्यात गेले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले; नवरात्र तीन दिवसांवर आले होते. तेव्हापासून जाऊ गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर दोनशे पानी वहीत उतरवून ठेवते.

खरा खर्च होतो तो वेळेचा. रात्री साडेअकराला कुणीतरी विचारते, ‘चकली तिखट आहे का?’ “ताई, जाहिरात फुकट आहे हो, पण उत्तरं द्यायला माणूस ठेवावा लागेल,” ती मला म्हणाली. घरात दोन शेगड्या, मदतीला एक बाई. गेल्या दिवाळीत मागणी एवढी आली, की सगळी घेतली असती तर तळण घाईचे झाले असते. आणि मऊ पडलेल्या चकलीचा फोटोही तितक्याच वेगाने, तितकाच फुकट फिरतो! दिरांचे म्हणणे, मागणी घ्यावी, कमी पडेल तो माल बाहेरून आणावा. दोन दिवस घरात अबोला होता. अखेर वसुबारसेच्या आठ दिवस आधी तिने स्टेटसवर टाकले, ‘फराळाची ऑर्डर बंद’. स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते. तोवर त्याला ४१ उत्तरे आली होती. बरीचशी पुढच्या वर्षासाठी नाव लिहून घ्या, अशी. ती सगळी नावे वहीत गेली.