भार टांगलेला, माणूस लांब
जालन्याच्या पोलाद कारखान्यांतला वायरलेस क्रेन काटा: निवड, बसवणी आणि सुरक्षित वापर

जालन्याची ओळख बियाणे आणि लोखंड या दोन मालांवर उभी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे बियाण्यांचे शहर म्हणून देशाला कळले. पुढे औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल उभ्या राहिल्या आणि घराच्या स्लॅबमध्ये जाणारी टीएमटी सळई हा जालन्याचा दुसरा चेहरा झाला. कालिका, राजुरी, पोलाद ही नावे आज बांधकाम करणाऱ्या कुणालाही सांगावी लागत नाहीत.

बियाणे पाकिटात भरताना ग्रॅम मोजावे लागतात, भट्टीवर टन. भंगार आणि स्पंज आयर्न आत येते, त्याचे बिलेट होते, बिलेटची सळई होते आणि सळईचे बंडल ट्रकवर चढते. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला वजन लागते. फाटकावरचा वे-ब्रिज ट्रक मोजतो, पण शेडच्या आत क्रेनला लटकलेल्या मालाचे वजन त्याच क्षणी हवे असेल तर क्रेन काटा लागतो. क्रेनचे हूक आणि माल यांच्यामध्ये तो टांगला जातो. त्याची वायरलेस जात आता लहान गोदामांतही दिसू लागली आहे.

वायरलेस म्हणजे सोय, एवढाच विचार करून हा काटा घेतला जातो. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. साध्या क्रेन काट्याचा आकडा काट्याच्याच अंगावर उमटतो, त्यामुळे तो वाचायला माणूस भाराच्या जवळ, कधी थेट खाली जातो. वायरलेस काट्यात आकडा हातातल्या यंत्रावर येतो आणि वाचणारा लांब राहू शकतो. काट्याची निवड, बसवणी आणि रोजचा वापर या एका फायद्याभोवती रचला, तरच त्यावर खर्चलेला पैसा सार्थकी लागतो.

काट्याच्या पोटात

काट्याचे हृदय म्हणजे लोड सेल. हा खास पोलादाचा ठोकळा असतो आणि त्यावर स्ट्रेन गेज नावाच्या अतिशय पातळ धातुपट्ट्या चिकटवलेल्या असतात. भार आला की ठोकळा डोळ्याला न दिसण्याइतका ताणला जातो, पट्टीही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी १९३८च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा गेज शोधला. चार गेज व्हीटस्टन ब्रिजच्या जोडणीत बसवले की तापमानाचा परिणाम बराचसा कटतो आणि भाराचा फरक तेवढा उरतो. काट्यातले सर्किट या सूक्ष्म व्होल्टेजचा आकडा करते आणि रेडिओलहरींवर तो हातातल्या यंत्राकडे किंवा भिंतीवरच्या मोठ्या डिस्प्लेकडे पाठवते.

निवड करताना

पहिला प्रश्न क्षमतेचा. क्रेन ५ टनी असेल तर काट्याचे स्वतःचे वजन, शॅकल, चेन आणि स्लिंग हे सगळे त्या ५ टनांतच मोजायचे असते. काटा टांगला की हूकची उंचीही कमी होते. बंडल ट्रकच्या फाळक्यावरून जाईल का, हे खरेदीपूर्वी टेप लावून पाहावे. काट्याची क्षमता नेहमीच्या कमाल भारापेक्षा ऐसपैस असावी, कारण क्रेनवरचा भार कधीच अगदी अलगद येत नाही.

दुसरा प्रश्न बारकाईचा. ५ टनांचा, २ किलोच्या टप्प्याने वाचणारा मध्यम अचूकतेचा, म्हणजे वर्ग तीनचा काटा घेतला, तर त्यावर ४० किलोपेक्षा कमी वजन करायचे नसते. पडताळणीच्या वेळी १ टनापर्यंत १ किलो, पुढे ४ टनांपर्यंत २ किलो आणि त्यावर ३ किलो एवढी चूक चालते. त्यामुळे मोठ्या काट्यावर चार-दोन सळया तोलून कुणाशी हिशेबाचा वाद घालू नये.

तिसरा प्रश्न लहरींचा. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली काही उपकरणे ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. ती इथे तशीच वापरता येत नाहीत. खरेदी करतानाच पट्टा कोणता ते विचारावे.

टांगण्याआधी

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. बॅटरी संपत आली की काही काटे बंद पडण्याआधी डळमळीत आकडे दाखवतात, म्हणून चार्जिंग पाळीच्या सुरुवातीच्या कामातच बसवावे.

नंतर लोखंडी भाग तपासायचे. काट्याचे वरचे शॅकल क्रेनच्या हूकच्या तळाशी, मधोमध बसले पाहिजे. हूकच्या टोकावर अडकलेला काटा भार घेताच घसरतो. शॅकलची पिन मूळचीच हवी आणि तिला कॉटर लावलेला हवा. पिन हरवली म्हणून साधा बोल्ट घालणे ही कारखान्यांत सर्रास दिसणारी आणि जीव घेणारी चूक आहे, कारण बाजारातला बोल्ट त्या भारासाठी बनलेलाच नसतो. हूकची लॅच स्प्रिंगने आपोआप मिटली पाहिजे. नव्या काट्याच्या हूकचे तोंड पहिल्याच दिवशी मोजून रजिस्टरात लिहावे. अमेरिकी मानकानुसार ते मूळ मापापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त उघडले, की हूक बाद करायचे. बाद हूक तापवून, ठोकून सरळ करायचे नसते. ते भंगारात जाते.

रेडिओची जोडणी

काटा आणि हातातले यंत्र यांची जोडी एका चॅनेलवर लावलेली असते. एकाच शेडमध्ये दोन काटे असतील तर दोघांचे चॅनेल वेगळे ठेवावेत आणि काट्यावर व यंत्रावर एकच मोठा क्रमांक रंगवावा. शेजारच्या क्रेनचा आकडा आपल्या हातात आला तर वजन चुकेलच, शिवाय त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी जादा भार उचलेल.

चाचणी रिकाम्या शेडमध्ये घेऊन भागत नाही. भट्टी पूर्ण शक्तीवर असताना, क्रेन शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन आणि मध्ये बिलेटची थप्पी असताना सिग्नल येतो का, ते पाहावे. इंडक्शन भट्टीचा वीजपुरवठा आणि क्रेनच्या मोटरचे ड्राइव्ह विद्युत गोंगाट करतात, आणि लोखंडी शेड लहरी परतवते. मग मुद्दाम सिग्नल तोडून पाहावा. संपर्क तुटल्यावर यंत्राने आकडा पुसून तसा इशारा दिला पाहिजे. जुनाच आकडा दाखवत राहणारे यंत्र वापरू नये.

शून्य, टेअर आणि खात्री

काटा सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे तो तापू द्यावा. मग रिकाम्या हूकवर शून्य करावे. चेन, स्लिंग किंवा मॅग्नेट टांगून त्यांचे वजन टेअरने वजा करावे. टेअर केल्यावर डिस्प्लेवर फक्त मालाचे वजन दिसते. क्रेनवर मात्र सगळ्याचा भार असतो. क्रेनची मर्यादा पाहताना एकूण वजनच धरायचे.

लोड सेल वस्तुमान मोजत नाही, पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती ओढ सगळीकडे सारखी नसते. विषुववृत्तापासून ध्रुवांपर्यंत ती सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढते. जर्मनीत जुळवलेला काटा जालन्यात तसाच लावला, तर ५ टनांमागे १२-१३ किलो कमी दाखवेल. वाटेत कुणीही काही बिघडवलेले नसते. जागा बदललेली असते. म्हणून आयात काटा इथेच, पडताळलेल्या वजनांवर जुळवून घ्यावा लागतो.

रोजची खात्री सोपी आहे. वे-ब्रिजवर मोजून, वजन रंगवून ठेवलेले एक बिलेट त्या कामासाठीच राखावे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो. १०० बाय १०० मिलिमीटर छेदाचे ६ मीटर लांब बिलेट सुमारे ४७१ किलो भरते. दर पाळीला ते तीनदा उचलावे. तिन्ही आकडे एकमेकांशी आणि रंगवलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत.

सळईच्या बंडललाही हाच हिशेब लागतो. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ने भागले की मीटरचे वजन किलोत मिळते. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो, १२ मीटरला १८.९६ किलो. शंभर सळयांचे बंडल १८९६ किलोच्या आसपास यायला हवे. आयएस १७८६ या मानकात या व्यासाला ५ टक्के कमी-जास्त चालते. आकडा त्याच्याही बाहेर गेला तर सळया पुन्हा मोजाव्यात, आणि मोजणी बरोबर असेल तर काटा तपासावा. काटा मारल्याचा संशय व्यवहारात एकदा शिरला की सहजासहजी निघत नाही. गिऱ्हाइकासमोर केलेला हा दोन मिनिटांचा हिशेब तो संशय शिरूच देत नाही.

उचलताना

इशारा एकाच माणसाने द्यायचा. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही दिला तरी क्रेन ऑपरेटरने पाळायचा. भार जमिनीपासून वीतभर उचलून थांबावे. चेन सारखी ताणली का, भार कलतो का, क्रेनचा ब्रेक धरतो का, हे तिथेच कळते. हेलकावा थांबून आकडा स्थिर झाल्यावरच वजन नोंदवावे, कारण वर जाताना वेग घेणारा किंवा झुलणारा भार खोटे वजन दाखवतो. हूक भाराच्या बरोबर डोक्यावर हवे. तिरपे ओढल्यास लोड सेल वाकतो आणि सुटलेला भार झोक्यासारखा येतो.

यंत्र हातात असलेल्या माणसाने भाराच्या वाटेबाहेर, त्याची घसरण किंवा झोका पोहोचणार नाही इतके लांब उभे राहावे. जमिनीवर रंगाची रेघ मारून ती जागा ठरवून द्यावी. आकडा नीट दिसत नाही म्हणून कुणी रेघ ओलांडून पुढे जाऊ लागला, तर मोठा डिस्प्ले बसवावा. रेघ पुढे सरकवू नये.

काटा काय सांगत नाही

काटा एकूण भार सांगतो. स्लिंगच्या प्रत्येक पायावर किती ताण आहे ते तो सांगत नाही. ३ टनांचा माल दोन पायांच्या स्लिंगने उचलला आणि पाय जमिनीशी ६० अंशांत असले, तर प्रत्येक पायावर सुमारे १.७ टन येतात. ४५ अंशांत २.१ टन. ३० अंशांत प्रत्येक पायावर पूर्ण ३ टन. डिस्प्लेवर तिन्ही वेळा ३ टनच दिसतात. लांब बंडलला आखूड स्लिंग लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

झटक्याचेही तसेच. भार एकदम लागला तर क्षणभर त्याचा परिणाम दुप्पट होतो. ढिल्या चेनने क्रेन वेगात उचलणारा ऑपरेटर २ टनांच्या मालासाठी काट्यावर ४ टनांचा किंवा त्याहूनही मोठा धक्का आणतो.

भट्टीजवळ आणि मॅग्नेटखाली

वितळलेले पोलाद १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. साध्या क्रेन काट्यातली बॅटरी आणि सर्किट ४०-५० अंशांच्या हिशेबाने बनलेली असतात आणि जालन्याचा मे महिना एकटाच तिथवर पोहोचतो. गरम बिलेटवर काम करायचे तर उष्णतारोधक ढाल असलेला खास काटा घ्यावा. वितळलेल्या पोलादाचे लॅडल साध्या काट्याला कधीही टांगू नये. तिथे वजन हवे असेल तर क्रेनच्या ट्रॉलीतच कायमचे बसवलेले लोड सेल हाच मार्ग आहे.

मॅग्नेटने भंगार उचलताना काटा मॅग्नेटच्या वर, मध्ये चेनचे अंतर ठेवून टांगावा. मॅग्नेटची वीजकेबल ढिली हवी, नाहीतर तिची ओढही वजनात मिसळते. वीज गेली की मॅग्नेट भंगार सोडून देते, म्हणून त्याच्या पट्ट्यात माणूस नकोच. काट्याला लटकलेल्या वस्तूवर वेल्डिंगही करू नये. परतीचा विद्युतप्रवाह लोड सेलमधून गेला की तो जळतो.

ऑगस्ट २०२४मध्ये जालना औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीच्या स्फोटात अनेक कामगार जखमी झाले. त्याचा काट्याशी संबंध नव्हता. पण या धंद्यात माणूस तप्त आणि जड वस्तूंच्या किती जवळ उभा असतो, ते त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिले. त्याला एक पाऊलभर लांब नेणारे प्रत्येक साधन मोलाचे आहे.

कायद्याच्या नजरेत

काट्यावरच्या वजनाने व्यवहार होत असेल तर वैधमापन अधिनियम २००९ लागू होतो. काट्याच्या मॉडेलला मान्यता हवी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन हवे. दुरुस्तीसाठी सील तोडले तर पुन्हा पडताळणी करून घ्यावी.

उचलण्याच्या साधनांबाबत १९४८च्या कारखाने अधिनियमातले कलम २९ आजही धडा म्हणून वाचावे असे आहे. क्रेन, चेन, दोर आणि हूक यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी, सुरक्षित भाराहून जास्त न उचलणे आणि क्रेनच्या मार्गावर माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून ६ मीटरच्या आत न आणणे, हे नियम त्यात आहेत. क्रेन काटाही त्या साखळीतलीच एक कडी आहे. त्याचे वैधमापनाचे प्रमाणपत्र अचूकतेची ग्वाही देते, मजबुतीची नाही. म्हणून दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या करून घ्याव्यात.

खंडेनवमीला आपल्या क्रेनला आणि काट्याला हार पडला असेल. दिवाळीत कामगार गावी जातात, काही शेड चार दिवस शांत होतात. कारखानदारांनो, भट्टी पुन्हा पेटवण्याआधी त्या चार दिवसांत काटा खाली उतरवा. पिन, लॅच आणि हूकचे तोंड तपासा, राखलेले बिलेट उचलून पाहा आणि वाचणाऱ्या माणसाच्या उभे राहण्याची रेघ नव्याने रंगवून घ्या.